परदेशातली नोकरी : व्हिसाचा पाहुणा, कराचा रहिवासी



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी व्हिसा आणि इन्कम टॅक्सवर बोलायचं म्हणजे काय! हा तर सीएचा आणि वकिलाचा प्रांत. तुमचं म्हणणं रास्त आहे. कुठला फॉर्म कसा भरायचा, हे आम्ही सांगणार नाही. ज्याचं काम त्याने करावं. पण या सगळ्या फॉर्मांच्या मुळाशी एक प्रश्न आहे : "हा माणूस कुठला?" हा प्रश्न आमच्या प्रांतातला आहे, आणि अॅरिस्टॉटलपासूनचा आहे. शिवाय आज आपल्यापैकी किती जणांची मुलं, सुना, जावई, भाचे परदेशात नोकरी करतात! त्यांच्या आयुष्यातली कितीतरी काळजी या एका प्रश्नातून येते, आणि आई-वडिलांना ती नीट कळतही नाही. म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

समजा, सांगलीची एक मुलगी आहे. पुण्यात शिकली, पुण्यातच काही वर्षे नोकरी केली. २०२२ साली तिला अमेरिकेतल्या एका कंपनीने घेतले. व्हिसा एच-१बी. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आजच्या रूपात आला. वर्षाला ६५,००० जागा, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. अर्ज याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून लॉटरी. तिचा नंबर लागला. अमेरिकन सरकारचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, म्हणून तिचे कामही १ ऑक्टोबरपासून. देशात त्याआधी दहा दिवसांपर्यंत शिरता येते.

आता घरात चर्चा सुरू होते : विमानाचे तिकीट कधीचे काढायचे? आई म्हणते, थोडे उशिरा जा, पितृपक्षात नको. वडील म्हणतात, तिकीट स्वस्त मिळेल तेव्हा जा. पण हा प्रश्न पंचांगाचा नाही आणि तिकिटाच्या दराचाही नाही. तो प्राप्तिकराचा आहे. कसा, ते बघा.

आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने घालून दिलेला नियम असा, की नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा अधिक राहिला असेल, तर तो त्या वर्षापुरता 'निवासी'. कमी राहिला असेल, तर 'अनिवासी'. २०२५ च्या नव्या कायद्यातही हे गणित मुळात तेच आहे. आता मोजा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१. झाले १५३. सप्टेंबरच्या २९ तारखेला १८२ भरतात. म्हणजे मुलगी २७ सप्टेंबरला निघाली, तर अनिवासी. ३० सप्टेंबरला निघाली, तर निवासी. तीन दिवसांचा फरक, पण परिणाम काय? निवासी ठरली, तर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत अमेरिकेत मिळालेला पगारसुद्धा तिच्या भारतातल्या विवरणपत्रात येतो. तिथे भरलेल्या कराची वजावट मागता येते, हे खरे. पण ती मागावी लागते, कागद जमवावे लागतात, आणि दोन देशांची आर्थिक वर्षे वेगळी असल्याने ते कागद एकमेकांशी जुळत नाहीत.

इथे आणखी एक गंमत आहे. परकीय चलनाचा आपला कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, दुसरीच व्याख्या वापरतो. नोकरीसाठी देश सोडलात, की फेमाच्या दृष्टीने तुम्ही भारतात राहणारे उरत नाही. तिथे हेतू महत्त्वाचा. म्हणून बँकेतले साधे बचत खाते लगेच एनआरओ करून घ्यावे लागते. म्हणजे ३० सप्टेंबरला निघालेली आपली मुलगी प्राप्तिकरासाठी भारतातली निवासी, आणि बँकेसाठी अनिवासी. एकाच देशाचे दोन कायदे, एकच मुलगी, उत्तरे दोन.

आता ती तिकडे पोहोचली. तिकडचा कायदा काय म्हणतो? अमेरिकेत प्राप्तिकरासाठी एक कसोटी आहे, तिचे आपण 'भरीव वास्तव्याची कसोटी' असे भाषांतर करू. या वर्षीचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश, अधिक त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवसांचा एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली, आणि या वर्षी निदान ३१ दिवस तिथे होतात, तर कराच्या दृष्टीने तुम्ही तिथले निवासी. विमानतळावर उतरलात तो अर्धा दिवससुद्धा पूर्ण धरतात. दरवर्षी १२० दिवस कामासाठी जाणारा माणूस तीन वर्षांत किती भरतो? १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. सुटला. १२२ दिवस जाणारा बरोबर १८३ भरतो. अडकला. दोन दिवसांचा फरक.

आपली मुलगी २७ सप्टेंबरला निघाली असे धरू. त्या वर्षी तिचे तिथले दिवस शंभराच्या आत. म्हणून २०२२ सालासाठी ती अमेरिकेतही सर्वसाधारणपणे अनिवासी. भारतात अनिवासी, अमेरिकेत अनिवासी. मग ती राहत होती कुठे? अधांतरी? त्रिशंकूला निदान विश्वामित्राने स्वतंत्र स्वर्ग तरी करून दिला होता! अर्थात अमेरिकेतल्या पगारावरचा अमेरिकन कर चुकत नाही, कारण पगार तिथे कमावला. पण २०२३ पासून चित्र पालटते. आता ती पूर्ण वर्ष तिथे आहे, कसोटी सहज पूर्ण होते, आणि अमेरिकेचा करकायदा तिला 'रेसिडेंट एलियन' म्हणतो. निवासी परकीय. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

निवासी झाल्याचा अर्थ एवढाच, की आता अमेरिकेला तिचे जगभरचे उत्पन्न दाखवायचे. सांगलीच्या बँकेतल्या ठेवीचे व्याज. पीपीएफचे व्याज, जे आपल्याकडे करमुक्त आहे. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे करपात्र धरले जाते. एनआरई खात्याचे व्याजही तसेच. आपले साधे म्युच्युअल फंड तिथे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी या सदरात पडतात आणि त्यांच्यावरचे नियम फार जाचक आहेत. आणि आई-वडिलांनी विशेष लक्ष द्यावे असे एक : अमेरिकेबाहेरच्या तिच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एखादा दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण आठ-नऊ लाख रुपये, तर ती खाती अमेरिकन सरकारला कळवावी लागतात. तुम्ही प्रेमाने तुमच्या ठेवीला मुलीचे नाव जोडले असेल, तर ती ठेवसुद्धा या हिशेबात येते. ही माहिती द्यायची असते, त्यावर लगेच कर लागतो असे नाही. पण न दिल्यास दंड मोठा आहे. तेव्हा दुसरे नाव लावताना तिला विचारा.

आता व्हिसाच्या बाजूला येऊ. ज्या मुलीला करकायदा निवासी म्हणतो, तिला त्याच देशाचा स्थलांतर कायदा काय म्हणतो? 'नॉन-इमिग्रंट'. म्हणजे स्थायिक न झालेली, ठरावीक काळापुरती आलेली. पहिली परवानगी तीन वर्षांची, पुढे तीन, एकूण सहा. ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली असेल, तर त्यापुढे वाढवत नेता येते. पण नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला निदान १,४०,०००, कुटुंबीय धरून, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त नाहीत. भारतात जन्मलेल्या अभियंत्यांची रांग इतकी लांब झाली आहे, की लहानपणी तिथे नेलेले मूल एकवीस वर्षांचे होऊन आईच्या अर्जातून बाहेर पडू शकते आणि रांग तिथेच असते.

आणि ही परवानगी नोकरीला बांधलेली. दुसरी कंपनी नवा अर्ज करायला तयार असेल, तर नोकरी बदलता येते. पण नोकरी अचानक गेली तर? २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत. मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढीच. त्या काळात काम करायचे नाही. नवी कंपनी शोधा, दुसऱ्या प्रकारची परवानगी मागा किंवा देश सोडा. घराचा हप्ता चालू आहे, मुलगा तिसरीत आहे, गाडी उभी आहे, आणि ६० दिवस! शिवाय त्या ६० दिवसांतला प्रत्येक दिवस कराच्या कसोटीत मोजला जातोच. एक घड्याळ सांगते, "तुझी वेळ संपत आली." दुसरे सांगते, "तुझे दिवस भरत आले." दोन्ही एकाच सरकारच्या भिंतीवर टांगलेली.

व्हिसाचे दार एका आदेशाने अरुंद होऊ शकते, हेही आपण पाहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक उद्घोषणा काढली आणि देशाबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरची रक्कम लावली. व्हिसा ही कृपा आहे. कर हे ऋण आहे. कृपा काढून घेता येते, ऋण मात्र फेडावेच लागते.

आता थोडे आमच्या घरच्या शास्त्राकडे वळू. न्यायशास्त्रात व्याख्येला 'लक्षण' म्हणतात आणि तिचे तीन दोष सांगतात : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय म्हणजे तांबूस प्राणी, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते; ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटले तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराचा प्राणी, म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता 'इथला माणूस' याचे लक्षण काय? करकायद्याचे लक्षण अतिव्याप्त आहे, तो सहा-सात महिन्यांच्या पाहुण्यालाही रहिवासी करतो. स्थलांतर कायद्याचे लक्षण अव्याप्त आहे, पंधरा वर्षे तिथे राबलेल्याला तो बाहेरचा म्हणतो. दोन्ही दोष अनवधानाने आलेले नाहीत, बरं का. घेताना व्याख्या रुंद करायची, देताना अरुंद. राज्यसंस्थेची ही जुनी सवय आहे.

किती जुनी? अथेन्समध्ये बाहेरून येऊन राहणाऱ्याला 'मेटिक' म्हणत. ठरावीक काळाहून जास्त राहिला, की त्याने नोंद करायची, एका अथेनियन नागरिकाला आपला पाठीराखा म्हणून दाखवायचे, आणि दरवर्षी खास कर भरायचा. पुरुषाला बारा द्राख्मा, स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीला सहा. युद्धात लढायचे, पण सभेत मत नाही, आणि विशेष मुभा मिळाल्याशिवाय जमीन घ्यायची नाही. कर बुडवला तर गुलाम म्हणून विकले जाण्यापर्यंत शिक्षा. पाठीराखा नागरिक आणि आजची स्पॉन्सर कंपनी, फार फरक वाटतो का? अॅरिस्टॉटल स्वतः स्तागिराचा, अथेन्समध्ये मेटिक. आणि त्यानेच 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात लिहून ठेवले, की एखाद्या ठिकाणी राहण्याने कोणी नागरिक ठरत नाही, कारण तिथे मेटिक आणि गुलामही राहतात. स्वतः ज्या व्याख्येबाहेर आहे, ती व्याख्या तो शांतपणे मांडतो.

इथे कोणीतरी हमखास म्हणते : "सर, मुलं स्वखुशीने गेलीत. डॉलर कमावतात. तिथले रस्ते वापरतात, तर कर भरावा. तक्रार कसली?" हा आक्षेप वजनदार आहे. जॉन लॉक हेच म्हणत होता : जो देशाच्या रस्त्यावरून नुसता प्रवास करतो, तोही तिथल्या कायद्याला मूक संमती देतो. पण तोच लॉक पुढे सांगतो, की अशा राहण्याने माणसाला कायदे पाळावे लागतात, पण तो त्या समाजाचा सदस्य होत नाही. आपण लॉकचे दोन्ही अर्धे मान्य करू. रस्ते, पोलीस, शाळा यांसाठी कर द्यावा, त्यात अन्याय नाही. पण जे पैसे करासारखे नाहीत, म्हातारपणीच्या विम्यासारखे आहेत, त्यांचे काय? खरी ठेच इथे लागते.

तिच्या पगारातून दरमहा सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कापले जातात. तेवढेच कंपनी भरते. पगार वर्षाला १ लाख डॉलर धरला, तर तिच्या खिशातून ७,६५० डॉलर. त्यातला सोशल सिक्युरिटीचाच भाग सहा वर्षांत ३७,२०० डॉलर, आणि कंपनीचा धरून ७४,४००. हे निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. म्हणजे दहा वर्षे. सहा वर्षांच्या परवानगीत किती होतील? २४, फार तर पहिल्या-शेवटच्या अर्धवट वर्षांमुळे २८. चाळीस नव्हेत. सहा वर्षांनी ती सांगलीला परतली, तर निवृत्तिवेतन शून्य, परतावा शून्य. आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा : व्हिसा सहा वर्षांचा, विमा दहा वर्षांचा. पहिल्या कायद्याने जेवढे राहायचे म्हटले, तेवढे राहून दुसऱ्या कायद्याची अट पुरी होऊच शकत नाही. आपल्या तीन दोषांपैकी हा तिसरा, असंभव.

यावर उपाय माहीत आहे आणि तो चालतोही. दोन देश करार करतात : थोड्या काळासाठी पाठवलेल्याने एकाच देशात वर्गणी भरायची, आणि दीर्घकाळ राहणाऱ्याची दोन्हीकडची वर्षे जोडून धरायची. अमेरिकेचा पहिला असा करार इटलीबरोबर १९७८ मध्ये लागू झाला, आणि आज तिचे तीसच्या आसपास देशांशी असे करार आहेत. भारताचाही बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी अशा अनेक देशांशी आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात मात्र नाही. दोघांत १९८९ चा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो प्राप्तिकरापुरता. या वर्गणीला तो लागत नाही. पुष्कळ मुलांचा इथेच गैरसमज होतो.

आणि केवळ अमेरिकेकडे बोट दाखवू नये. करार नसलेल्या देशातून भारतात नोकरीला येणाऱ्या परदेशी माणसाला ऑक्टोबर २००८ पासून आपणही भविष्य निर्वाह निधीत पूर्ण पगारावर वर्गणी भरायला लावतो. भारतीय कामगाराला १५,००० रुपयांची मर्यादा, त्याला मर्यादा नाही. आणि ते पैसे साधारणपणे ५८ वर्षांचा झाल्यावर मिळायचे. तो तोवर टोकियोत असो की टोरांटोत. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही तरतूद समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवली, तरी वाद मिटलेला नाही. तेव्हा सांगलीच्या मुलीबद्दल आपल्याला जे वाटते, ते पुण्यात काम करणाऱ्या परक्या अभियंत्याबद्दलही वाटले पाहिजे. नाहीतर आपली तक्रार न्यायाची राहत नाही, आपल्या माणसापुरतीच उरते.

मायकेल वॉल्झरने १९८३ च्या 'स्फिअर्स ऑफ जस्टिस' या पुस्तकात पाहुण्या कामगारांचा प्रश्न हाताळला आहे. त्याचा निष्कर्ष कडक आहे : लोकशाहीने बाहेरच्या माणसाला कामाला बोलावले, तर त्याला पुढे सदस्य होण्याची वाट ठेवली पाहिजे, कायम राबवून घ्यायचे आणि कायम बाहेर ठेवायचे, ही एक प्रकारची जुलूमशाही आहे. आम्ही इतके पुढे जाणार नाही. प्रत्येक देशाने प्रत्येक पाहुण्याला नागरिक करावे, असे म्हणणे व्यवहार्य नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे. राज्य माणसाला घेताना आपला म्हणत असेल, तर देताना त्याला दोहोंपैकी एक दिले पाहिजे : एक तर राहण्याची वाट, नाहीतर वर्गणी बरोबर नेण्याची सोय. दोन्ही नाकारायची, हे न्यायाला धरून नाही.

शेवटी, उपयोगाचे थोडे. पहिले, दिवसांची वही ठेवा. येण्या-जाण्याच्या तारखा, विमानाची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के. दोन्ही देश दिवसांवर निकाल देतात, आणि तीन वर्षांनी आठवत काही नाही. दुसरे, व्हिसा आणि मुक्कामाची परवानगी या दोन गोष्टी आहेत. पासपोर्टवरचा व्हिसा दाराशी दाखवायचा. आत किती दिवस राहायचे, ते प्रवेशाच्या वेळच्या नोंदीवर, म्हणजे आय-९४ वर, लिहिलेले असते. तिसरे, परत येणाऱ्यांनी परतीची तारीखही मोजावी. बरीच वर्षे बाहेर राहून आलेल्याला आपला कायदा काही काळ 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा देतो आणि तेवढ्या काळात परदेशातले उत्पन्न सर्वसाधारणपणे इथे करात येत नाही. चौथे, परतण्याआधी आपली क्रेडिट किती झाली, हे सोशल सिक्युरिटीच्या खात्यावर पाहून घ्यावे. ३६ झाली असतील, तर एक वर्ष आणखी थांबायचे की नाही, हा निर्णय निदान डोळे उघडे ठेवून होईल. आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, म्हणून शेवटचा शब्द दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराचा.

रविवारी मुलांचा व्हिडिओ कॉल आला, की आपण विचारतो, "जेवलीस का? थंडी किती आहे?" ते विचाराच. पण एकदा हेही विचारा, "तुझे दिवस किती भरले, आणि तुला अजून किती दिवस राहता येईल?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे एवढ्यानेही तिला बरे वाटेल.